पेंढा भरलेलं रेडकू

आज सकाळी धुकं उतरलं आणि माझं डोकं फिरलं. दरवर्षी फिरतं. डिसेंबर सरता सरता नोएडात एक दिवस असा उजाडतो की समोरचा टॉवर नाहीसा झालेला असतो, बाल्कनीतल्या कुंड्यांपलीकडे काही उरलेलं नसतं, आणि नेमका त्याच दिवशी पुण्याहून कुणीतरी फोन करून म्हणतं, मजा आहे बाई तुमची, अगदी महाबळेश्वर. महाबळेश्वर कसलं डोंबलाचं. या धुक्याला जळक्या टायरचा आणि ओल्या सिमेंटचा वास येतो. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, दोरीवरचे कपडे तीन तीन दिवस दमट राहतात. ज्यांना यात काव्य दिसतं त्यांनी इथे येऊन एक पंचा वाळवून दाखवावा.

त्यात आज सोसायटीच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरच्या बाईंनी हत्तींचा व्हिडिओ टाकला. एक हत्तीण मरून पडली आहे, कळप भोवती उभा आहे, एक जण सोंडेने तिला चाचपतोय आणि मागे बासरी वाजते आहे. खाली जोडलेले हात, रडके चेहरे, बदाम. याच बाईंनी गेल्या महिन्यात गेटजवळच्या कुत्रीची पिल्लं पोत्यात घालून न्यायला माणूस बोलावला होता. कुत्री दोन दिवस पार्किंगमधल्या एकेका गाडीखाली डोकं घालून शोधत फिरली, तेव्हा तिच्या आवाजाचा त्रास होतो अशी तक्रारही यांचीच. हत्ती लांब राहतात, म्हणून त्यांचं दुःख परवडतं. मी व्हिडिओ पुसून टाकला आणि चहा करायला उठले, तर पिशवीतलं दूध पातेल्यात ओतताना हरदेईची म्हैस आठवली.

जनावरांना मरण कळतं का, आपलं माणूस गेलं की त्यांना दुःख होतं का, यावर लोक फार गोड गोड बोलतात. एक पक्ष म्हणतो, छे, ते सगळं आपण त्यांच्यावर लादतो. दुसरा पक्ष डोळे पुसतो. दोन्ही पक्षांनी आयुष्यात कधी शेणात पाय घातलेला नसतो. मीही घातला नव्हता. पण एका हिवाळ्यात मी या प्रश्नावरून माझ्या सत्तरीच्या बापाशी भांडले, आणि ते भांडण अजून माझ्या अंगातून गेलेलं नाही.

नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एका परदेशी कंपनीत नोकरी लागली होती आणि पुण्यातलं चंबूगबाळं उचलून आम्ही इथे आलो होतो. तेव्हा इथे शहर नव्हतं, नुसते आकडे होते. सेक्टर अमुक, ब्लॉक तमुक. रस्ते ऐसपैस आणि त्यांवर माणूस नाही. वीज गेली की जनरेटरची घरघर, ती थांबली की बांधकामावरच्या लोखंडाची ठणठण. आमच्या इमारतीच्या मागे मोहरीचं एक शेत उरलं होतं आणि त्याच्या पलीकडे गाव. त्या गावाच्या जमिनीवरच आमचा सेक्टर उभा होता. गावाकडे राहिल्या होत्या म्हशी, गोवऱ्यांचे उंच रचलेले ढीग, आणि आमच्याकडे बघण्याची एक सरळ, न लाजणारी नजर. त्या नजरेचा मला राग यायचा, कारण तिला उत्तर नव्हतं.

आई त्या ऑक्टोबरात गेली, दिवाळीच्या आधी, पुण्याला. मी एकुलती एक. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी मी तिचं कपाट उघडलं. मी कामाला वाघ आहे, असं सगळे म्हणतात. दुपारपर्यंत साड्या वाटून झाल्या, थोड्या मावशीला, थोड्या शेजारी, भांडी घासणाऱ्या बाईंना, उरलेल्या एका आश्रमाला. चष्मा, काठी, औषधं, तिची गोधडी, देवापुढे बसायचा छोटा पाट, सगळं गेलं. समोर राहिलं की त्रास होतो, असं मी जो येईल त्याला सांगत होते आणि जो तो मान डोलवत होता. मावशी म्हणालीसुद्धा की पोरीने बापासाठी केवढं केलं. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. एकदाही उठून आत आले नाहीत. तेव्हाच माझ्या मनात त्यांच्याविषयी काहीतरी कडवट झालं. चव्वेचाळीस वर्षांचा संसार दारातून बाहेर चालला होता आणि हा माणूस पान उलटत होता.

मग मी त्यांना इथे घेऊन आले.

बाबा रडले नव्हते. आई गेली तेव्हा नाही, स्मशानात नाही, नंतरही नाही. इथे आल्यावर वेळेवर उठायचे, वेळेवर अंघोळ, वेळेवर जेवण. भाजीत मीठ कमी असलं तर सांगायचे. दिल्लीचा मटार फार गोड असतो, हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं. हिटरपुढे पाय पसरून ते मटार सोलायचे आणि सोलता सोलता खायचे. माझी हाडं वर आली होती आणि त्यांच्या गालांवर तेज चढत होतं. मी ओट्याशी उभी राहून त्यांच्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, हे दुःख आहे का? याला दुःख म्हणतात का?

अशात एक दिवस ते म्हणाले, “मागे म्हशी आहेत की गं. चीक मिळेल का? खरवस खाऊन फार दिवस झाले.” म्हणताना चेहरा इतका उजळला की मला तो बघवला नाही. आई गेल्याला दोन महिने झाले होते. पण मी गेले. प्रेमाने गेले असं म्हणणार नाही. खा एकदाचं, या भावनेने गेले.

हरदेई माझ्याच वयाची होती. गावाच्या कडेला तिचं घर, पुढे अंगण, अंगणात तीन म्हशी. आमचं दूध तिच्याकडूनच यायचं. त्यातली एक म्हैस गाभण होती आणि डिसेंबरात व्याली. रेडा झाला. मी डबा घेऊन हजर. इकडे चिकाला खीस म्हणतात आणि शेजारीपाजारी थोडाथोडा वाटतातही, पण आपल्यासारखं त्यावर कुणी टपून बसत नाही. आमच्या सेक्टरात मराठी घरं तीन. बातमी फुटली होती, त्यामुळे आम्ही तिघी मराठी बायका गोठ्यापाशी डबे घेऊन उभ्या. हरदेई म्हणाली, पहिला खीस कटड्याचा, म्हणजे रेडकाचा असतो, तुम्ही दुसऱ्या दिवसाचा न्या. पण आम्हाला ठाऊक होतं, पहिल्या दिवसाचा चीक घट्ट, त्याची वडी सुरेख पडते, दुसऱ्या दिवसापासून तो पातळ होत जातो. मग मी आई काढली. दोन महिन्यांपूर्वी आई गेली, म्हातारे वडील आहेत, त्यांची इच्छा आहे, असं मी तिला सांगितलं. तिने एकदा माझ्याकडे, एकदा म्हशीकडे पाहिलं आणि बादली पुढे केली. संध्याकाळची धारही आम्हीच नेली.

खरवस अप्रतिम झाला, हे कबूल करते. गूळ, वेलची, कुकरमध्ये शिट्टी न लावता उकडलेला. सुरीने कापताना जराही फुटला नाही. बाबांनी दोन वड्या खाल्ल्या, मग तिसरी, मग ताटलीला लागलेलं बोटाने निपटलं. आणि म्हणाले, वेलची नको होती, तुझी आई जायफळ घालायची. मी उठून आत गेले.

चौथ्या दिवशी रेडकू मेलं. हरदेई म्हणाली, थंडी लागली. तिने आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पहिला चीक पोटात गेला नाही तर पिल्लाच्या अंगात आजाराशी झगडायची ताकदच येत नाही, हे मला खूप पुढे कळलं. हरदेईला ते ठाऊक असणारच. म्हणूनच ती आधी नाही म्हणाली होती. आम्ही तिघींनी त्याचं आयुष्य गूळ घालून उकडलं आणि वड्या पाडून खाल्लं. त्या दोघींपैकी एक अजून भेटते. दिवाळीला भेटली की त्या खरवसाची आठवण काढते, किती छान झाला होता ना, म्हणून.

म्हैस तीन दिवस ओरडली. मोहरीचं शेत ओलांडून, बंद खिडक्यांच्या काचांतून तो आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. पान्हा चोरून धरला होता तिने, कासेला हात लावू देत नव्हती. चौथ्या दिवशी आवाज थांबला. दूध आणायला गेले तर तिच्यापुढे रेडकू उभं.

पेंढा भरलेलं होतं ते. मेलेल्या रेडकाचं कातडं सोलून, आत पेंढा ठासून, पोटाला सुतळीने शिवलेलं. पायांच्या जागी चार काठ्या. डोळ्यांच्या जागी काही नाही. अंगाला मीठ चोळलेलं. हरदेईने ते म्हशीच्या तोंडापुढे धरलं, म्हशीने ते हुंगलं आणि चाटायला लागली. मग हरदेई खाली बसली आणि बादलीत धार वाजू लागली. त्या दुधाचा चहा मला त्या दिवशी गेला नाही. बाबांना गेला.

त्यानंतर दूध आणायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. माकडटोपी, मफलर, हातात कॅन, आणि तो म्हातारा धुक्यात शिरायचा तो तासाभराने परत यायचा. दहा मिनिटांचं काम. आल्यावर हिटरपुढे हात शेकत वृत्तांत द्यायचे. आज लवकर सोडला पान्हा. आज आधी नुसतीच उभी राहिली. मला तो वृत्तांत असह्य व्हायचा. मला त्या म्हशीचा राग यायला लागला होता. तीन दिवस ओरडलीस आणि चौथ्या दिवशी पेंढा चाटून मोकळी झालीस? सुतळी दिसत नाही तुला? काठ्या दिसत नाहीत? लोक ज्याला आईपण म्हणून डोक्यावर घेतात ते एवढंच असतं का, थोडं मीठ आणि जुना वास?

हे सगळं एका रविवारी जेवताना माझ्या तोंडून बाहेर पडलं. मी म्हटलं, बाबा, त्या म्हशीचं कौतुक पुरे, तिला काही कळत नाही, चार दिवसांत विसरली ती.

बाबा म्हणाले, “विसरली नाही ती. दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. आपण सगळे घरी येऊन जेवलोच ना? आपल्याला काय तो खरा वाटला होता?”

खरं तर तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला ते उत्तर म्हणजे पळवाट वाटली. मी म्हटलं, “तुम्ही म्हशीची बाजू घेणारच. तिने निदान तीन दिवस घेतले. तुम्ही तेवढेही घेतले नाहीत.”

बाबांचा हात थांबला. मग त्यांनी पोळीचा उरलेला घास भाजीला लावला, खाल्ला, ताक प्यायले आणि हात धुवायला उठले. अविनाश मला हळूच म्हणाला, यार, सोड ना, प्रत्येकाची पद्धत असते. हे वाक्य मी त्याच्या ऑफिसातल्या लोकांकडूनही ऐकलं होतं आणि तेव्हाही मला ते बिनकामाचं वाटलं होतं. माझं दुःख मोठं, माझं खरं, असं मला मनापासून वाटत होतं. रडणं म्हणजे दुःख आणि न रडणं म्हणजे दगड, एवढी सोपी माझी मोजपट्टी होती. मला त्यांना रडवायचं होतं. अख्खा हिवाळा मला तेवढंच हवं होतं.

आता ते गाव उरलेलं नाही. म्हणजे नाव आहे, पण अंगणांच्या जागी पाच पाच मजले, खाली जिम आणि मोमोची दुकानं, वर भाड्याने राहणारी पोरं. त्या पोरांना कुणी सांगितलं की तुमच्या जिमच्या जागी एक म्हैस पेंढ्याचं रेडकू चाटायची, तर ती मोबाइल काढून विचारतील, व्हिडिओ आहे का? नाही. व्हिडिओ नाही. बासरीही नव्हती.

जानेवारीत बाबांना ताप आला आणि दूध आणायला मला जावं लागलं. धुकं इतकं की शेताच्या बांधावरून चालताना स्वतःची चप्पल दिसत नव्हती. म्हैस आधी वासाने कळली, मग दिसली. रेडकाची पार रया गेली होती. एक काठी निखळलेली, पोटाची शिवण उसवून पेंढा बाहेर आलेला, आणि एका बाजूचे केस चाटून चाटून संपलेले, खालचं कातडं उघडं पडलं होतं. मी हरदेईला म्हटलं, इतकी कशी मूर्ख ही, नुसता भुसा आहे, एवढंही समजत नाही हिला?

हरदेईने वर बघितलंही नाही. ती कासेला पाणी लावत होती. म्हणाली, “समझे तो सब है, बीबीजी. पहले दिन से जाने है. रोज पहले सूँघे, फिर मेरे मुँह की तरफ देखे, फिर चाटे. थन भरे हों तो दरद होवे है. किसी के आगे तो उतारना पड़े.”

मग धार काढता काढता ती सहज, हसून, मला खूश करायला म्हणाली, “तुम्हारे बाबूजी तो इसे किस्मतवाली कहे हैं. रोज कहे हैं, इसके पास खाल तो है.”

खाल, म्हणजे कातडं. मी कॅन घेऊन निघाले. शेताच्या मधोमध थांबले. मला पुण्यातलं ते कपाट दिसत होतं, मी शेवटी ओल्या फडक्याने पुसून घेतलेलं. आत डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या मी, वास राहू नये म्हणून.

घरी आल्यावर मी मावशीला फोन लावला. आईची एखादी साडी राहिली आहे का, कसलीही, फाटकी चालेल. मावशी म्हणाली, अगं, माझ्या वाटच्याही मी देऊन टाकल्या, तूच म्हणालीस ना, घरात ठेवू नका. आश्रमात विचारण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या काकूंची बदली झाली होती. मी एवढी कामाची की मागे एक चिंधी सोडली नव्हती.

दोन दिवसांनी मी करोल बागेत गेले. तिथे एका जुन्या दुकानात आपल्याकडच्या सुती साड्या मिळायच्या, दिल्लीतल्या जुन्या मराठी बायका तिथूनच घ्यायच्या. आईची घरात नेसायची साडी म्हणजे गडद निळी, बारीक पांढऱ्या चौकड्यांची आणि हिरव्या किनारीची. बरीच वर्षं ती तशीच घ्यायची, एक विरली की दुसरी. दुकानदाराने अर्धं दुकान खाली काढलं. निळी मिळाली, चौकडे मिळाले, हिरवी किनार काही मिळाली नाही. लाल होती. मी ती घेतली.

घरी आणून मी ती धुतली. पुन्हा धुतली. धुक्यात वाळेना, तर इस्त्रीने वाळवून परत भिजवली. असं सहा-सात वेळा. काठ दगडावर घासून थोडा विरवला. ओट्याशी पदराला हात पुसून पुसून हिंग-हळदीचा वास आणला, घडीत कापूर ठेवला, शिकेकाईच्या पाण्यातून काढली. अविनाशने विचारलं, हे काय चाललंय, तर त्याच्या अंगावर धावून गेले. काय चाललं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी शिवत होते. आणि शिवताना मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला नेहमी होतं तसंच झालं, मी चिडले. बाबांवर चिडले. तेव्हा पेपर खाली ठेवून एकदा आत आला असतात, एक साडी राहू दे म्हणाला असतात, तर मी काय नाही म्हणाले असते?

हो. म्हणाले असते. समोर राहिलं की त्रास होतो, असं म्हणाले असते.

बाबांचा ताप उतरला त्या दुपारी मी साडी घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते, पायांवर रजई. मी म्हटलं, बाबा, आईची ही एक साडी माझ्या बॅगेत राहून गेली होती, आत्ता सापडली. बोलताना मी खिडकीकडे बघत होते.

त्यांनी साडी घेतली. चष्मा लावला. घडी थोडी उलगडून अंगठा लाल किनारीवरून हळूहळू फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग साडी नाकाशी नेली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की मला वाटलं, आता हे मला हाकलून देतील, आणि द्यावंच.

“हो,” बाबा म्हणाले, “हीच.”

आणि तोंड साडीत घालून ते रडायला लागले.